रामटेकचा गड आणि आपल्या फाटकाची पाटी

"बाई, तुम्ही इतिहासाच्या. तेव्हा स्मरणिकेत इतिहासावर तुमचा एक लेख पाहिजेच," असं स्मरणिका समितीनं सांगितलं, तेव्हा मला वाटलं होतं की आपल्या सानगडीच्या किल्ल्यावर लिहावं. सकाळी फिरायला निघालं की तो आपल्याला दिसतोच. पण गेल्या कार्तिकात सोसायटीची सहल रामटेकला गेली आणि परत आल्यावर जे घडलं, ते आधी लिहून ठेवलं पाहिजे असं वाटलं. म्हणून हा लेख रामटेकचा. किल्ल्याचा लेख पुढच्या महोत्सवासाठी राखून ठेवते. तोवर असले तर!

गडाच्या वाटेवर

सहलीचं ठरलं तेव्हा कोणी शेगाव म्हटलं, कोणी चिखलदरा. शेवटी एका दिवसात परत येता आलं पाहिजे आणि आजी मंडळींनाही जमलं पाहिजे, म्हणून रामटेक पक्कं झालं. पहाटे साडेपाचला बस निघाली. साकोली, लाखनी मागे पडलं तेव्हा उजाडत होतं. दोन्हीकडे धानाची कापणी चालू. कुठे बांध्यांत कडपा पसरलेल्या, कुठे भारे बांधून ठेवलेले. भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडली आणि पुढे रामटेकच्या रस्त्याला लागलो. बसमध्ये तिखट पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी फिरली, आणि नेहमीप्रमाणे "आपलं ते भजन लावा न" यावरून ड्रायव्हरशी वादही झाला.

रामटेकचा गड लांबूनच दिसतो. सपाट मुलखातून एकदम उठलेली डोंगराची सोंड आणि तिच्या टोकावर पांढरी शिखरं. बस वरपर्यंत जाते. पण ज्यांचे गुडघे धड होते ते आम्ही आठ-दहा जण खाली अंबाळा तलावावर उतरलो आणि पायऱ्यांनी चढलो. अंबाळ्याच्या काठाला घाट आहेत, लहानमोठी देवळं आहेत. लांबलांबून लोक इथे अस्थिविसर्जनाला येतात. पाणी शांत होतं आणि डोंगर त्यात उलटा दिसत होता. पायऱ्या दमवतात. वानरं प्रत्येक वळणावर बसलेली. आमच्या सेक्रेटरी साहेबांच्या हातातली चिवड्याची पिशवी तिसऱ्याच वळणावर गेली. त्यांनी "राहू द्या, हनुमानाला नैवेद्य" म्हणून वेळ मारून नेली.

वर पोचल्यावर मात्र सगळे गप्प झाले. एका बाजूला खाली अंबाळा, दुसरीकडे खिंडसीच्या जलाशयाचं लांबरुंद पाणी, पायथ्याशी गावाची घरं आणि पलीकडे उत्तरेला सातपुड्याच्या निळ्या रांगा. वारा इतका की पदर सांभाळावा लागत होता. एक जण म्हणाले, "येथी बसलं तं घरी जावाच वाटत नाही." हे वाक्य गेली दीड हजार वर्षं तरी कोणी ना कोणी इथे म्हणत आलं असणार.

डोंगर एक, काळ अनेक

दीड हजार वर्षं ही अतिशयोक्ती नाही. शाळेत मी मुलांना सांगायची की एखादी जागा समजून घ्यायची तर ती कांद्यासारखी सोलायची. रामटेक त्यासाठी फार चांगलं.

सगळ्यात वरची पाकळी नागपूरकर भोसल्यांची. अठराव्या शतकात रघुजी भोसल्यांनी या देवस्थानाचा जीर्णोद्धार केला. तटबंदी, एकामागून एक लागणारे दरवाजे, आतला बंदोबस्त यांवर भोसल्यांचा हात दिसतो. वराह दरवाजा, सिंहपूर दरवाजा, भैरव दरवाजा, गोकुळ दरवाजा ओलांडत आपण आत जातो तेव्हा देवळात जातोय की किल्ल्यात, हेच कळत नाही.

त्याखालची पाकळी देवगिरीच्या यादवांची. मुख्य आवारात आधी लक्ष्मणाचं देऊळ लागतं आणि मग रामाचं. धाकट्या भावाला आधी भेटायचं ही रामटेकची रीत. लक्ष्मणाच्या देवळात यादव राजा रामचंद्र याच्या काळचा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अखेरचा, संस्कृत शिलालेख आहे. या डोंगराची जुनी नावं आणि आसपासची तीर्थं त्यात सांगितलेली आहेत. याच शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामीही इथे आले होते. ते मूळचे गुजरातचे. रामटेकच्या यात्रेला म्हणून वडिलांची परवानगी घेऊन ते घराबाहेर पडले, असं त्यांचं चरित्र सांगतं. इथलं भोगराम हे महानुभावांचं श्रद्धास्थान आहे. पायथ्याशी शांतिनाथांचं जैन मंदिर आहे. म्हणजे एका डोंगराकडे किती वाटांनी माणसं येत होती ते पाहा.

आणि सगळ्यात आतली पाकळी वाकाटकांची, पाचव्या शतकाच्या आसपासची. ती बघायला गर्दी नसते. गडाच्या दरवाजाकडे जाताना वाटेत दोन नरसिंहांची देवळं लागतात, एक रुद्र नरसिंह आणि दुसरा केवल नरसिंह. हा नरसिंह हिरण्यकशिपूला फाडणारा नाही. एकटाच, निवांत बसलेला आहे. जवळच वराहाची अखंड दगडातली भली मोठी मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून सरपटत जायचं, पापी माणूस अडकतो, अशी समजूत आहे. आमचे खजिनदार थोडे अडकले होते. पण तो दोष जेवणाचा, हिशोबाचा नव्हे, असा निर्वाळा लगेच देण्यात आला.

कालिदासाच्या 'मेघदूता'तला शापित यक्ष ज्या रामगिरीवर राहत होता तो रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पुराव्यांसह मांडलं. छत्तीसगडमधल्या सरगुजा भागातल्या रामगढ डोंगराचाही या मानासाठी दावा आहे. मिराशींचा एक मुद्दा मला फार पटतो. कालिदासाच्या रामगिरीवर रामाच्या पावलांच्या खुणा आहेत, लोक त्यांना वंदन करतात. आणि वाकाटकांच्या एका ताम्रपटात, तो 'रामगिरिस्वामीच्या पायापासून' दिला, असे शब्द आहेत. म्हणजे त्या काळी या डोंगरावर पावलांची पूजा होत होती. गडावर आता कालिदासाचं स्मारक आहे आणि १९९७ मध्ये रामटेकला त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठही सुरू झालं.

लेकीनं लिहिलेलं नाव

तो ताम्रपट ज्या बाईनं दिला तिच्याविषयी आता सांगायचं आहे. तिचं नाव प्रभावतीगुप्ता.

ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. आई कुबेरनागा, नागकुळातली. लग्न होऊन ती विदर्भात वाकाटकांच्या घरी आली. नवरा दुसरा रुद्रसेन लवकर वारला. मुलं लहान. मग राज्याचा कारभार तिनं आपल्या हाती घेतला आणि मोठा मुलगा दिवाकरसेन याच्या वतीनं वर्षानुवर्षं चालवला. राजधानी होती नंदिवर्धन, म्हणजे रामटेकच्या दक्षिणेला जवळच असलेलं आजचं नगरधन. गडावरून त्या बाजूला बोट दाखवून मी सगळ्यांना सांगितलं, "ती राहायची तिकडे आणि देवदर्शनाला यायची इथे."

तिचा एक ताम्रपट पुण्यात मिळाला. कारभाराच्या तेराव्या वर्षी, कार्तिक शुद्ध द्वादशीला एक गाव दान दिल्याचा तो लेख आहे. प्रबोधिनी एकादशीचा उपास सोडायचा तो दिवस. आपली सहलही कार्तिकातच निघाली होती. ताम्रपटात राजे लोक आपल्या घराण्याची वंशावळ देतात. प्रभावतीनं ती दिली आपल्या माहेरची. आधी गुप्तांच्या पिढ्या, मग आपण त्यांची लेक, मग सासर. गोत्रही तिनं वडिलांचंच सांगितलं. तिचा दुसरा ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडला. तो मुलगा दुसरा प्रवरसेन याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षीचा, आणि रामगिरिस्वामीच्या पायांचा उल्लेख त्यातच आहे. मुलगा गादीवर असतानाही दान दिलं ते तिनं स्वतःच्या नावानं. अलीकडे नगरधनच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली. वर ब्राह्मी अक्षरात नाव, सोबत शंखाची खूण. राजाची मुद्रा सापडली तर नवल नाही. पण ही राणीची, कारभार करणाऱ्या बाईची.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो मात्र केवल नरसिंहाच्या देवळातला शिलालेख. तो मंडपाच्या भिंतीत होता, पण कोणाला माहीत नव्हता. त्यावर लेप आणि चुन्याचे थर बसले होते. १९८० च्या दशकात देवळाची डागडुजी चालली असताना लेप काढला आणि आतून अक्षरं बाहेर आली. बरीचशी झिजलेली, फुटलेली. तरी अभ्यासकांनी वाचलं त्यावरून कळलं ते असं, की प्रभावतीच्या मुलीनं आपल्या आईच्या पुण्यासाठी इथे विष्णूचं देऊळ उभारलं आणि देवालाच आईचं नाव दिलं, प्रभावतीस्वामी. म्हणजे मुलगे राजे झाले, त्यांचे ताम्रपट निघाले, पण आईचं नाव दगडात ठेवलं ते लेकीनं. आणि ते नाव शेकडो वर्षं चुन्याखाली झाकून राहिलं. कोणी मुद्दाम झाकलं नसेल. दरवर्षी कोणीतरी श्रद्धेनंच हात मारला असेल. देऊळ स्वच्छ दिसावं म्हणून.

मी हे सांगत होते तेव्हा आपल्या पहिल्या गल्लीतल्या आजी पायरीवर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजे पोरीनं मायचं नाव लिवलं म्हना की. पोरायनं नाही." मग थोड्या थांबून म्हणाल्या, "बाई, आपल्या फाटकावर बी एक दगड व्हता न? त्याचं का झालं?"

मला उत्तर देता आलं नाही.

आपला चुना

जुन्या सभासदांना आठवत असेल. २५ वर्षांपूर्वी आपण शेतजमीन घेतली, एन. ए. करून घेतली, प्लॉट पाडले. तेव्हा फाटकाच्या डाव्या खांबावर एक फरशी बसवली होती. तिच्यावर संस्थापक सभासदांची नावं कोरली होती. दोन-चार वर्षांनी फाटकाला पहिल्यांदा रंग दिला तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, का आलं तरी बोललं नाही, पण खांबाबरोबर फरशीही रंगली. पुढे प्रत्येक दिवाळीत एक हात. नवीन राहायला आलेल्या घरांना तर तिथे काही लिहिलेलं आहे हेच माहीत नाही. संस्थेचं पहिलं इतिवृत्त वाळवीनं खाल्लं, हे स्मरणिका समितीला यंदा कळलंच आहे. कोणाला दोष द्यायचा? रंग देण्याचा ठराव ज्या सभेत झाला त्या सभेत मीही बसले होते.

सहलीहून आल्यावर पुढच्या रविवारी आम्ही चौघं-पाच जण खांबापाशी जमलो. पत्र्याचा तुकडा, पाणी, जुना ब्रश. एकानं विचारलं, "बाई, आता खरडून का भेटनार?" तासाभरात अक्षरं दिसू लागली. माझं नाव सातव्या ओळीत निघालं. सोळा नावांत बाई मी एकटी, ती नोकरी होती म्हणून. माझ्या पगारातून हप्ता कापला जायचा म्हणून शेअर माझ्या नावे होता.

आजी काठी टेकत आल्या. त्यांनी यजमानांचं नाव शोधलं, त्यावर हात ठेवला. कोणी काही बोललं नाही.

आता यातलं जे फरशीवर नाही ते लिहिते, कारण मी तेव्हा होते आणि मी पाहिलं आहे. जमिनीचा इसार द्यायला पैसे कमी पडले तेव्हा याच आजींनी हातातल्या पाटल्या मोडायला दिल्या. त्या पुन्हा कधी झाल्या नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात बोअर लागला नव्हता. तेव्हा घरांच्या जोत्यावर मारायचं पाणी गावाच्या विहिरीवरून डोक्यावर आणलं ते बायकांनी. सिमेंटचे पोते भिजू नयेत म्हणून एका सभासदाच्या आई पावसाळ्यात दोन महिने उघड्या खोलीत झोपल्या. त्या आता नाहीत. सोसायटीचा पहिला गणपती बसला तेव्हा सात घरं होती आणि मिस्त्री-मजुरांसह सगळ्यांचा स्वयंपाक एकाच चुलीवर झाला. यातल्या कोणाचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, शेअर सर्टिफिकेटवर नव्हतं. म्हणून फरशीवरही नाही. फरशी खोटी नाही. पण जेवढं तिच्यावर आहे तेवढंच झालं, असं पुढच्या पिढीनं समजलं तर ते खोटं ठरेल.

पुढच्या सभेत मी प्रस्ताव ठेवला की जुनी फरशी तशीच साफ ठेवायची आणि तिच्याखाली दुसरी लावायची. चर्चा झाली. "कोणाकोणाची नावं टाकायची, मग वाद होतील," असं एका सदस्यांचं म्हणणं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. एकीनं विचारलं, "मंग वाद नको म्हणून नावंच नको का?" शेवटी ठरलं की प्रत्येक घरानं आपल्या घरातल्या बाईचं नाव स्वतः लिहून द्यायचं. आई, सासू, बायको, ज्या त्या वेळी राबल्या त्या. समितीनं नावं निवडायची नाहीत, फक्त गोळा करायची. एका घरातून तीन नावं आली. एका घरातून चिठ्ठी आली, तिच्यावर मुलीनं आईचं नाव लिहिलं होतं, बाळबोध अक्षरात, खाली रेघ मारून.

दुसऱ्या एका डोंगरावर

सहलीचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले तेव्हा आपल्यातल्याच एका घरच्या, फ्रान्समध्ये शिकायला गेलेल्या मुलीनं एक फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "काकू, हे तं आपल्या रामटेकासारखंच." तो होता ल पुई गावातल्या संत मायकेलच्या चर्चचा. ज्वालामुखीच्या खडकाचा एक उंच सुळका आणि त्याच्या अगदी माथ्यावर बसवलेलं लहानसं चर्च. २६८ पायऱ्या चढून जावं लागतं. मूळ बांधकाम दहाव्या शतकातलं. या शैलीला रोमनेस्क म्हणतात. जाड भिंती, लहान खिडक्या, अर्धगोल कमानी. आपल्याकडची हेमाडपंती देवळं साधारण त्यानंतरच्या दोन-तीन शतकांतली. तीही जाड भिंतींची आणि आत अंधाराची. दोन्हीकडे आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, आणि बाहेर आल्यावर खालचा मुलूख एकदम उघडा होतो.

तिनं विचारलं, "सगळीकडे लोक एवढ्या उंचावरच का बांधतात?" मी तिला लिहिलं ते इथे देते. उंचावर बांधलं की लांबून दिसतं, हे एक. आणि वर चढून गेलं की आपलं गाव, आपलं घर, आपली शेती किती लहान आहे ते दिसतं, हे दुसरं. पण टिकतं ते उंचीमुळे नाही. रामटेकचं देऊळ टिकलं ते वाकाटकांनंतर यादवांनी, यादवांनंतर भोसल्यांनी, आणि मधल्या काळात नाव नसलेल्या पुजाऱ्यांनी, गवंड्यांनी, दिवा लावणाऱ्यांनी ते सांभाळलं म्हणून. आणि ज्याचं नाव लिहिलं गेलं तेही कोणीतरी लेप खरडला म्हणूनच पुन्हा वाचता आलं.

आपली सोसायटी काही रामटेक नाही. उंचावरही नाही. पावसाळ्यात मागच्या गल्लीत पाणी साचतं, हे सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचा ठराव तीनदा झाला आहे. पण २५ वर्षं एकत्र राहणं ही साधी गोष्ट नाही. एवढ्यात आपल्याकडच्या चार जणी आणि पाच जण गेले. मुलं पुण्याला, नागपूरला, हैदराबादला गेली. उद्या ती परत येतील तेव्हा फाटकापाशी थांबून त्यांना आपल्या आजीचं नाव वाचता आलं पाहिजे.

दुसरी फरशी तयार होऊन आली आहे. रौप्यमहोत्सवाच्या सकाळी ती बसवायची आहे आणि तो नारळ आजींच्या हातून फुटावा अशी समितीला माझी विनंती आहे. पाटल्यांचा हिशोब कोणी मागितला नव्हता, त्याही कधी बोलल्या नाहीत. निदान एवढं आपल्याकडून व्हावं.

आणि एक शेवटचं, पुढच्या सगळ्या कार्यकारिणींसाठी. फाटकाला रंग द्यायचा तेव्हा दोन्ही फरशांवर आधी कागद चिकटवावा. रंगाऱ्याला सांगायला विसरू नये.